गिलावा राहून गेलेलं शहर

दिवस पहिला : गुरुवार, जळगाव ते अहमदाबाद

जळगावात कुणाला पत्ता सांगायचा तर ‘सतरा मजली’पासून सुरुवात केली की निम्मं काम होतं. महापालिकेची ती इमारत मी रोज बघतो, म्हणजे खरं तर बघत नाही. छत्तीस वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात काढली, आधी अनुरेखक, मग आरेखक. ट्रेसिंग क्लॉथवर रेघा मारल्या, अमोनिया प्रिंटच्या वासानं डोळ्यांतून पाणी काढलं, पण इमारत बघायची म्हणून रेल्वेचं तिकीट कधी काढलं नव्हतं. अजिंठा पाहिला, लळिंगचा किल्ला चढलो. ते सगळं जुनं. माझ्या जन्माच्या आसपास बांधलेली कचेरी नाहीतर कॉलेज बघायला कोण जातं?

हे वेड भाचीनं लावलं. ती मूळची धुळ्याची. अहमदाबादला आर्किटेक्चर शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. सुट्टीच्या दिवशी ती लोकांना पायी फिरवते आणि स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीसएक वर्षांत तिथे उभ्या राहिलेल्या इमारती दाखवते. दिवाळीत घरी आली तेव्हा म्हणाली, “मामा, तुम्ही आयुष्यभर छज्जे काढले. एकदा जगातले सगळ्यात महाग छज्जे बघून जा.” फेब्रुवारीत थंडी ओसरली आणि ऊन अजून अंगावर यायला लागलं नव्हतं, तेव्हा निघालो.

आम्ही चौघं. मी, आमच्या सौ., अमळनेरचे एक निवृत्त गणिताचे सर आणि धरणगावचे मिस्तरी. मिस्तरींचं वय सत्तरच्या पुढे. माझ्या कागदावरच्या कितीतरी रेघा त्यांच्या हातानं विटांच्या झाल्या. नोकरीत असताना आमचं फार बोलणं नव्हतं. कचेरीचा माणूस आणि साइटवरचा माणूस यांच्यात ठेकेदार उभा असतो. निवृत्तीनंतर मात्र चहाची दोस्ती झाली.

गाडीनं तापीकाठचा मार्ग धरला. धरणगावला मिस्तरी चढले, हातात कापडात बांधलेली कळण्याची भाकरी आणि डब्यात भरीत. अमळनेरला सर चढले. डब्यातून गावाकडे बोट करून त्यांनी लगेच वर्ग सुरू केला. प्रताप मिल ती त्या अंगाला. ती उभी करणाऱ्या प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये याच गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातले अभ्यासक वेदान्त शिकायला खानदेशातल्या या तालुक्याच्या गावी यायचे. “अहमदाबादच्या गिरणीमालकांनी पॅरिसहून आर्किटेक्ट आणला,” सर म्हणाले, “आमच्या गिरणीमालकानं शंकराचार्य आणले. कापूस तोच.”

हे वाक्य माझ्या डोक्यात प्रवासभर राहिलं. कापूस तोच. आपल्या काळ्या मातीतला कापूस जिनात सरकीपासून सुटतो, प्रेसमध्ये गाठी होतात आणि गाठी रुळांवरून गिरण्यांच्या गावांना जातात. आपल्याकडे मागे राहतात त्या पऱ्हाट्या. पैसा गिरणीच्या गावी साठतो आणि तिथे त्याचं काय होतं ते बघायला आम्ही निघालो होतो.

दोंडाईचा मागे पडलं. नंदुरबारजवळ पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत होती. खिडकी लावून घ्या म्हणेस्तोवर निम्मा डबा शिंकून मोकळा झाला. नवापूरच्या फलाटावर मिस्तरी खाली उतरले. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकडंसुद्धा दोन राज्यांत वाटलेलं. मिस्तरींनी त्यावर नेमकं मधोमध बसून तंबाखू मळली आणि इंजिनानं शिट्टी दिल्यावर सावकाश परत आले.

दिवस दुसरा : शुक्रवार, पालडी, आश्रम रोड, साबरमती

सकाळी आठला भाची पालडीत, सरदार पुलाजवळ उभी होती. बरोबर आणखी पाच-सहा जण होते, त्यात दोघं गुजराती विद्यार्थी. तिनं आधी दोन वाक्यांत पार्श्वभूमी सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात घरं पडलेली, पोलाद मिळेना, म्हणून ल कॉर्बुझिए नावाच्या आर्किटेक्टनं मार्सेयला एक भली मोठी वसाहत काँक्रीटमध्ये ओतली आणि ते काँक्रीट तसंच उघडं ठेवलं. ती १९५२ मध्ये पुरी झाली. त्याच सुमाराला नेहरूंच्या सरकारनं त्याला चंदीगडसाठी बोलावलेलं होतं. १९५१ मध्ये तो भारतात आला आणि अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्याला वाटेतच गाठलं. एका शहरात सरकारचं काम, दुसऱ्या शहरात शेठ लोकांचं.

समोर संस्कार केंद्र. शहराचं संग्रहालय म्हणून कॉर्बुझिएनं आखलेलं, १९५४ चं. खांबांवर उचलून धरलेली विटांची मोठी पेटी, भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीतच. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं. मिस्तरी थोडा वेळ मान वर करून उभे राहिले आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “साहेब, गिलावा करानं ऱ्हाई गयं वाटस.”

भाचीला ऐकू गेलंच. ती हसली नाही. “मिस्तरीमामा, मुद्दाम राहू दिलाय.” मग तिनं सांगितलं की वर गच्चीवर पाण्याचे हौद आणि त्यात वेली अशी मूळची कल्पना होती, म्हणजे खालच्या दालनांना उन्हाची झळ लागू नये. मिस्तरींना गच्चीतलं पाणी म्हटल्यावर एकच गोष्ट सुचते: गळती. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर चुकवली. त्यांचं अर्धं आयुष्य माझ्या खात्याच्या गच्च्यांवर डांबर ओतण्यात गेलंय.

शेजारीच टागोर हॉल. बाळकृष्ण दोशींचा. दोशी जन्मानं पुण्याचे, १९२७ चे. पॅरिसला कॉर्बुझिएच्या हाताखाली शिकले, त्याच्याच कामांवर देखरेख करायला १९५४ मध्ये अहमदाबादला आले आणि इथलेच झाले. २०१८ मध्ये त्यांना आर्किटेक्चरमधला प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळालेले पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारीत गेले. या हॉलच्या काँक्रीटच्या भिंती सरळ नाहीत, घड्या घातलेल्या आहेत, पंख्यासारख्या. स्थापत्य अभियंता महेंद्र राज यांचं हे गणित. सरांनी खिशातून रेल्वेच्या आरक्षणाचा कागद काढला आणि दोन टोकांना धरला. तो मधोमध लोंबला. त्यालाच चार घड्या घातल्या तर ताठ राहिला, वर चष्म्याचं घरही पेललं. मिस्तरी म्हणाले, “पन्हाळी पत्रा.” झालं. भाचीला यासाठी एरवी दहा मिनिटं लागतात म्हणे.

तिथून नदीकाठानं चालत निघालो. सौ.ची चप्पल एलिस पुलापाशी तुटली. अर्धा तास चांभार शोधण्यात गेला. तोवर मी कठड्यावर बसून नदीकडे पाहत होतो. आता दोन्ही काठ बांधून काढलेत आणि पाणी तुडुंब. पूर्वी इथे उन्हाळ्यात वाळूच असायची आणि रंगारी लोक वाळूवर कापड वाळत घालायचे. ते पुढच्या इमारतीशी जोडलेलं आहे.

ती इमारत म्हणजे गिरणीमालक संघाची कचेरी. आश्रम रोडवर, १९५४. सुरोत्तम हठीसिंग त्या वेळी संघाचे अध्यक्ष होते; काम त्यांनीच दिलं. आत जायची परवानगी भाचीनं आधीच काढून ठेवली होती. रस्त्यावरून एक लांब, सरळ, काँक्रीटचा उतार चढत जातो आणि तुम्हाला थेट पहिल्या मजल्यावर सोडतो. तळमजला कारकुनांसाठी. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. मी मुद्दाम आधी तिथे डोकावून आलो.

पण खरी गंमत पश्चिमेकडच्या, म्हणजे रस्त्याच्या, बाजूला आहे. तिथे खिडक्या दिसतच नाहीत. काँक्रीटच्या उभ्या फळ्या ओळीनं उभ्या, आणि त्या तिरप्या. कॉर्बुझिए त्याला ‘ब्रीझ-सोलेय’ म्हणायचा, ऊन मोडणारा. मी चाळीस पावलं मागे जाऊन पाहिलं आणि एकदम कळलं. पश्चिमेचं ऊन आडवं येतं. त्याला वरून छज्जा टाकून उपयोग नाही, दुपारी चारनंतर ते छज्ज्याच्या खालून शिरतं. त्याला उभी आडकाठीच हवी, तीही कलती. आमच्या खात्यात हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण खर्चाच्या अंदाजपत्रकात उभी आडकाठी बसत नव्हती. साठ सेंटिमीटरचा आडवा छज्जा बसत होता. दिशा कुठलीही असो, साठ सेंटिमीटर. मी असे किती काढले असतील, हिशेब नाही.

मागच्या, नदीच्या बाजूच्या फळ्या मात्र सरळ आहेत. सकाळचं ऊन थोडं आलं तरी चालतं आणि नदीवरचा वारा आडवला जाऊ नये. दक्षिण-उत्तर भिंती विटांच्या आणि जवळजवळ बंद. म्हणजे इमारत पूर्व-पश्चिम अशी आरपार उघडी. उतार चढून आत गेलो तर बाहेर गाड्यांचा धूर आणि आत झुळूक. पंखा नाही. सौ. एका काँक्रीटच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “इथे पापड वाळणार नाहीत, पण झोप छान लागेल.” कॉर्बुझिएनं स्वतः या जागेचं वर्णन करताना नदीच्या वाळूत कापड धुणारे लोक आणि त्यांच्या सोबतीला बगळे, गाई, म्हशी, गाढवं यांचा उल्लेख केला होता. गिरणीमालकांनी वरून आपला धंदा चाललेला बघावा अशी ती चौकट. आता चौकटीत काठावरून चालायला आलेले लोक दिसतात.

वरच्या मजल्यावरचं सभागृह वाकड्या भिंतीचं आहे, आतून लाकूड. मला ते तितकंसं भावलं नाही. मिस्तरी तिकडे आलेच नाहीत. ते एका काँक्रीटच्या फळीवर हात फिरवत होते. सेंटरिंगच्या फळ्यांचे ठसे त्यात जसेच्या तसे उमटलेत, लाकडाच्या रेषा, गाठी, दोन फळ्यांच्या सांध्यातून बाहेर आलेली सिमेंटची लेस. आपल्याकडे असं दिसलं तर ठेकेदाराचं बिल अडतं. “हाई काम कोनी कयं?” त्यांनी विचारलं. भाचीनं आर्किटेक्टचं नाव परत सांगितलं. “ते समजलं. पण ओतलं कोनी?” तिला सांगता आलं नाही. पुढे चालताना ती दोनदा गप्प झाली.

दुपारी साबरमती आश्रम. तिथलं संग्रहालय आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं, १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते उघडलेलं. कोरिया तेव्हा तेहतीसच्या आत. सहा मीटर बाय सहा मीटरचा एक चौकोन: विटांचे जाड खांब, वर कौलांचं चौपाखी छप्पर. तोच चौकोन पुन्हा पुन्हा, कुठे भिंत घालून खोली केलेली, कुठे तसाच उघडा, मध्ये एक पाण्याचं कुंड. खिडकीला काच नाही, लाकडी झडपा. सकाळच्या कॉर्बुझिएपुढे हे अगदी घरगुती वाटतं आणि मला खरं सांगायचं तर तेच जास्त आवडलं. त्यात पुढे वाढायची सोय आहे. एक चौकोन अजून जोडला तर इमारतीला कळणारही नाही. खात्यात असताना माझ्या नकाशांवर ‘भविष्यातील विस्तार’ असं लिहून तुटक रेघा मारायची पद्धत होती. त्या तुटक रेघा कधी भरल्या गेल्या नाहीत.

संध्याकाळी भद्र चौकात दोशींचा प्रेमाभाई हॉल ओझरता पाहिला. किल्ल्यासमोर काँक्रीटचा एक मोठा डोंगर. पाय संपले होते. भेळ खाल्ली आणि परतलो.

दिवस तिसरा : शनिवार, विद्यापीठाचा परिसर

आज सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

सुरुवात अटिराच्या इमारतीनं. गिरण्यांसाठीची संशोधन संस्था, काम पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचं, कॉर्बुझिएच्या इमारती उभ्या राहत होत्या त्याच वर्षांतलं. आणि करणारा माणूस आपला: अच्युत कानविंदे, सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे. मुंबईत जे. जे. मध्ये शिकले, मग सरकारी शिष्यवृत्तीवर हार्वर्डला ग्रोपिअस या जर्मन आर्किटेक्टकडे. पुढे कानपूरच्या आयआयटीचा परिसर त्यांनीच आखला. इमारत साधी आहे, नीटनेटकी, सरळ. खांब-तुळया-खिडक्या, कुठे आरडाओरडा नाही. फोटो काढणाऱ्यांनी इथे मोबाइल खिशात ठेवले. मला मात्र गावाकडच्या माणसाला भेटल्यासारखं झालं, कारण अशाच इमारती आम्ही पुढे तीस वर्षं काढत राहिलो. तालुका पंचायत, पाटबंधाऱ्याची कचेरी, कृषी विभागाचं गोदाम. कुणीतरी पहिल्यांदा हे गणित मांडलं, मग ते खात्याच्या ‘टाइप डिझाइन’मध्ये उतरलं आणि आमच्यापर्यंत छापील कागद म्हणून आलं. कागदावर नाव नव्हतं.

पुढे सेप्टचा परिसर. स्थापत्याची ही शाळा दोशींनी १९६२ मध्ये सुरू केली, इमारत साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली. विटांच्या समांतर भिंती, वर काँक्रीट, उत्तरेचा उजेड वरून आत घेतलेला. दाराला कुलूप घालावं असं दारच सापडत नाही. मुलं पायऱ्यांवर बसून पुठ्ठा कापत होती. त्यांच्या शेजारी बसूनच भाचीनं पिशवीतून काही नकाशे काढले, कारण पुढची दोन घरं, दोन्ही कॉर्बुझिएचीच, खासगी आहेत, आत जायचा प्रश्न नव्हता.

पहिलं शोधन यांचं. मूळ नकाशे हठीसिंगांसाठी केलेले, त्यांनी ते शोधन यांना विकले. जागा बदलली, घर तेच. दुसरं मनोरमा साराभाईंचं, १९५५ चं. त्याचा छेद, म्हणजे घर उभं कापल्यावर दिसेल तसा नकाशा, बघताना मिस्तरी पहिल्यांदा पुढे सरकले. शेजारी शेजारी विटांच्या बुटक्या कमानी, कमानींवर माती, मातीवर गवत. गच्चीवर हिरवळ आणि तिथून खालच्या तलावात सुटणारी काँक्रीटची घसरगुंडी, मुलाच्या हट्टासाठी.

“हाई तर धाबं शे,” मिस्तरी म्हणाले.

खानदेशात राहिलेल्याला हे समजावायला नको. लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर तुराट्या-पऱ्हाट्या, आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी धाब्याखाली दुपारी झोप लागते. रात्री माणसं वर जाऊन झोपतात. पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून चोपायची, नाहीतर आषाढात पातेली मांडायची. मिस्तरींचं बालपण अशाच घरात गेलं आणि तरुणपण अशी घरं पाडून स्लॅब टाकण्यात. “आपला गावमा बी धाबावर गवत उगस,” ते भाचीला म्हणाले, “पन आपले फोटो काढाले कोनी उना नही.”

त्यावर दोघा गुजराती पोरांनी काय म्हणाले म्हणून विचारलं. भाचीनं भाषांतर केलं तर त्यातल्या एकानं वही काढली आणि मिस्तरींपुढे मांडी घालून बसला. पुढचा पाऊण तास आमचा दौरा तिथेच थांबला. माती कुठली? गाळाची का पांढरी? किती जाड? उतार किती? पन्हाळ कुठे? मिस्तरी अहिराणीत सांगत होते, भाची मराठीतून गुजरातीत नेत होती, सर मध्येच सेंटिमीटरमध्ये रूपांतर करत होते. जवळच चित्रकार हुसेन आणि दोशी यांची गुफा आहे, जमिनीखालची, ती आम्ही त्यामुळे धावतच पाहिली. त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

शेवटी भारतीय व्यवस्थापन संस्था, आयआयएम. संस्था १९६१ ची. दोशींच्या सांगण्यावरून १९६२ मध्ये लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टला बोलावलं. आधी परवानगी काढलेली, ओळखपत्रं तपासली, आत गेलो. एवढी वीट मी एका जागी पाहिली नव्हती. काँक्रीट आहे, पण बेतानं: विटांच्या पसरट कमानीची दोन टोकं बाहेर सरकू नयेत म्हणून खालून ताणून धरणारी तुळई. कमान ढकलते, तुळई ओढून धरते. दोघांचं भांडण समोर भिंतीवर उघड दिसतं. आणि पुरुषभर उंचीहून मोठी, पूर्ण गोल भोकं, विटांतली.

गोल पाहून मिस्तरी बसलेच. खालचा अर्धा गोल सोपा, त्यांनी मला समजावलं. साचा ठेवायचा आणि विटा त्याच्या पोटात बसवत न्यायच्या, त्या खाली पडत नाहीत. वरचा अर्धा कमानीसारखा, त्याला सेंटरिंग. अवघड जागा मधली, नऊ आणि तीनच्या काट्यापाशी, जिथे आडव्या थरातली वीट आणि गोलातली वीट एकमेकींना भेटतात. तिथे वीट घासून बसवावी लागते, आणि गवंडी कच्चा असेल तर तिथेच सांध्यात मसाला भरून वेळ मारून नेतो. ते उठून नऊच्या काट्यापाशी गेले, सांधा नखानं तपासला, तीनच्या काट्यापाशी गेले. “मानूस पक्का व्हता,” एवढंच बोलले.

या परिसराचं बांधकाम चालू असतानाच १९७४ च्या मार्चमध्ये कान गेले. अहमदाबादहून परत जाताना, न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात हृदय बंद पडलं. पुढचं काम दोशी आणि अनंत राजे यांनी पाहिलं. भाची मग वसतिगृहांकडे घेऊन गेली. २००१ च्या भूकंपात यांना इजा झाली, भिंती झिरपतात, विटा सुटतात. २०२० च्या डिसेंबरात संस्थेनं अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडायचं ठरवलं तेव्हा जगभरातून ओरड झाली आणि १ जानेवारी २०२१ ला तो निर्णय तेव्हापुरता मागे घेतला गेला.

आमच्यात इथे वाद झाला. भाची आणि ते दोघं विद्यार्थी एका बाजूला: एकही वीट हलता कामा नये. सर म्हणाले, झोपायला खोली आहे की दर्शनाला देऊळ, ते आधी ठरवा. मी दोन्हीकडे मान हलवत राहिलो. विटांच्या आत सळई गंजली की ती फुगते आणि वीट आतून फोडते, हे मी माझ्या नोकरीत इतक्यांदा पाहिलंय की वारसा म्हटल्यावर मला आधी गंजच दिसतो. पण त्या गोल भोकातून संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं आणि हळूहळू वर सरकत होतं. मी वीस मिनिटं तेच बघत बसलो. सरकारी पैशानं असं काही बांधता येतं का, असा विचार मनात आला. ‘अंदाजपत्रकाचा कोणता हेड?’ असा दुसराही आला.

दिवस चौथा : रविवार, परतीची गाडी

सकाळी सौ.नं बांधणीच्या दोन साड्या घेतल्या आणि सहल वसूल झाली असं जाहीर केलं. गाडीत सगळे झोपले. मिस्तरी तेवढे जागे होते. नवापूर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “साहेब, तुमनं ते क्वार्टर अजून उभं शे का?”

कुठलं, ते मला लगेच कळलं. १९८३ सालचं. नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र ड्रॉइंग, एका तालुक्याच्या गावातली कर्मचारी निवासस्थानं. आठ बिऱ्हाडांची दुमजली चाळ. सिमेंट तेव्हा नियंत्रणात होतं, गोणी गोणीचा हिशेब. मी म्हटलं, बहुतेक उभं असेल. ते म्हणाले, उद्या जाऊ.

दिवस पाचवा : सोमवार, जळगाव आणि पुढे

बसला वेळ होता म्हणून आम्ही आधी आमचंच गाव हिंडलो. मिस्तरी आणि मी, दोघंच. टॉवर चौकातून निघालो, फुले मार्केटला वळसा घातला, गोलाणी मार्केटच्या गॅलऱ्यांतून फिरलो. मोबाइलच्या दुकानांच्या गर्दीत वर बघायची सोय नसते, तरी पाहिलं. पाट्यांच्या मागे, पाट्यांच्या वर, मूळ इमारत अजून आहे. मग सतरा मजलीसमोर उभं राहून खालून वर मजले मोजले. एका चहावाल्यानं विचारलं, काका, कुणी अडकलंय का वर?

बालगंधर्व खुल्या नाट्यगृहावरून गेलो. दुपारचं रिकामं होतं. पायऱ्यांवर एक पोरगा अभ्यास करत होता. मिस्तरी म्हणाले, छप्पर नाही हे बरं, गळत नाही.

मग बस. गाव कुठलं ते सांगत नाही, क्वार्टरची आजची अवस्था बघता नको. पण उभं आहे. निळा ऑइल पेंट मारलाय. जिन्याला मी सिमेंटच्या जाळीच्या चौकोनी ठोकळ्यांची भिंत दिली होती. दोन मजल्यांची ती जाळी खालच्या बाजूला बुजवून टाकलीय, वर मात्र शाबूत आहे. तिच्यातून जिन्यावर उन्हाच्या चौकटी पडल्या होत्या. त्या वेळी ती मी काढली कारण टाइप डिझाइनमध्ये होती. आता मात्र जिन्यात उभं राहिलो तर झुळूक लागली. अंगणात एका बाईंनी बिबड्या वाळत घातल्या होत्या. कोण पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं. मिस्तरी म्हणाले, “कोनी नही माय. आमीच बांधेल शे, बघाले उनूत.” बाईंनी लगेच न्हाणीघराची गळती दाखवायला आत बोलावलं. तीही पाहिली.

पश्चिमेच्या बाजूला गेलो. दुपारचे तीन वाजत आले होते. खिडक्यांवर माझे छज्जे ओळीनं होते, आडवे, साधे. मनात म्हटलं, हेच ते साठ सेंटिमीटर. सावली खिडकीवर बरीच खाली उतरली होती, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. मी बाईंकडून स्टूल घेतलं आणि खिशातला टेप लावला. टेप आणायची सवय जात नाही.

पंचाहत्तर.

पुन्हा लावला. दुसऱ्या खिडकीवर लावला. पंचाहत्तर, शहात्तर, पंचाहत्तर. ड्रॉइंगवर साठच होतं, मला खात्री आहे, तो आकडा मी स्वतः लिहिलेला.

मिस्तरी बीडी शिलगावत होते. “दोन फूटमा तीन वाजता ऊन खिडकीमा येस,” ते म्हणाले. “मीच अर्धा फूट वाढाई दिधं व्हतं. वरना अंगले सळई जादा टाकी.”

“आणि साहेबांनी तपासलं नाही?”

“तपासं ना. एम. बी. मा साठच लिखं.”

म्हणजे मोजमाप पुस्तिकेत साठ, बिल साठचं, आणि खिडक्या मोजल्या तर पश्चिमेला सोळा. त्या अर्ध्या फुटाचं सिमेंट कुठून आलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाई चहा घेऊन आल्या. आम्ही भिंतीला टेकून सावलीत बसलो, पाय उन्हाच्या अलीकडे ओढून घेतले.